वाळू आहे हो, पण वेगळं कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवरचा, म्हणजे लॅन्थॅनम, निओडिमियम यांसारख्या एकमेकांशी फार साम्य असलेल्या धातूंवरचा, आपला गेल्या आठवड्यातला अग्रलेख वाचला. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आपल्या मोटार कारखान्यांना चुंबकांची चणचण भासू लागली, आणि इकडे आपल्या किनाऱ्यांवर तर खजिना पसरलेला. मग सरकार तो उपसत का नाही, असा एकूण सूर होता. सोबतच्या नकाशात रत्नागिरीवरही एक तांबडा ठिपका होता. त्या ठिपक्यापायी भाट्याहून माझ्या चुलतभावाचा फोन आला, ‘ताई, आपल्या पुळणीत निघतंय म्हणे. जमिनी विकू नका असं सांगू ना सगळ्यांना?’

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. शास्त्रज्ञ वगैरे नव्हते. हुद्दा केमिस्टचा, काम कॉलम, म्हणजे बारीक मण्यांच्या काचेच्या नळ्या, भरण्याचं, थेंब मोजण्याचं आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचं. हेच धातू एकमेकांपासून सोडवून त्यांची शुद्ध ऑक्साइडं करायची आणि ती दुसऱ्या प्रयोगशाळांना तुलनेचे नमुने म्हणून धाडायची, हा आमच्या विभागाचा उद्योग. अग्रलेखात साठा आला, खाण आली, परवाने आले, चीन आला. हे धातू वेगळे कसे करतात याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय, म्हणून हे पत्र.

आधी रत्नागिरीचं उरकते. आमच्याकडची काळी वाळू म्हणजे मुख्यतः इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून ते सुटून आलेलं. दुर्मीळ मृदा ज्यात भरपूर असतात ते मोनाझाइट काळ्या पाषाणात तयार होत नाही, ते ग्रॅनाइट आणि तसल्या जुन्या खडकांतून येतं. त्यामुळे ते केरळात चवऱ्याला, तमिळनाडूत मनवलकुरिचीला, ओडिशात छत्रपूरला सापडतं. सरकारच्या यादीत महाराष्ट्राचं नाव आहे, नाही असं नाही. पण यादीत नाव असणं वेगळं आणि साठा असणं वेगळं. भावाला मी सांगितलं, जमीन विकायची नसेल तर विकू नका, पण मोनाझाइटच्या भरवशावर राहू नका.

देशाचा एकूण आकडा अग्रलेखात बरोबर होता: सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आणि त्यात ७२ लाख टनांवर दुर्मीळ मृदा ऑक्साइडं. आता हे मोनाझाइट आपल्याला काल-परवा सापडलेलं नाही. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते दिसलं. तेव्हा त्याला गिऱ्हाईक होतं ते गॅसबत्तीच्या जाळीसाठी. लग्नाच्या वरातीत आणि भजनाच्या मांडवात आपण ज्या पेट्रोमॅक्स पाहिल्या, त्यांच्या जाळीत नव्व्याण्णव टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि एक टक्का सिरियमचं. म्हणजे जगाला त्या वाळूतलं थोरियम हवं होतं. बाकीच्या पंधरा-सोळा भावंडांना फारसं कुणी विचारत नव्हतं. पुढे थोरियमचं अणुऊर्जेतलं महत्त्व लक्षात आल्यावर १९४६ मध्ये त्रावणकोर संस्थानाने निर्यात बंद केली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९५२ मध्ये केरळात आलुव्याचा कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये आपल्या ट्रॉम्बेला थोरियमचा. आलुव्याला मोनाझाइट दळून कडक कॉस्टिक सोड्यात शिजवतात. फॉस्फेट वेगळं होऊन ट्रायसोडियम फॉस्फेट म्हणून विकलं जातं, थोरियम बाजूला काढतात आणि हाती उरतं ते दुर्मीळ मृदांचं मिश्र क्लोराइड.

म्हणजे वाळू फोडण्याचं काम हा देश सत्तर वर्षं करतोय. पुढचा शब्द ‘मिश्र’ आहे, आणि तो सोडवण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

हे धातू वेगळे करणं इतकं कठीण का? तांबं आणि लोखंड वेगळं करायला कॉलेजातल्या मुलीला अर्धा तास पुरतो, कारण त्यांचं रसायनच निराळं. लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे पंधरा धातू द्रावणात जवळजवळ सगळे तीन धन प्रभार घेऊनच वावरतात. फरक असतो तो फक्त आकारात. लॅन्थॅनमच्या आयनाची (प्रभार असलेल्या अणूची) त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर, ल्युटेशियमची ८६; पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. हा सतरा पिकोमीटरचा उतार चौदा पायऱ्यांत वाटलेला. शेजारच्या दोघांत एक-सव्वा पिकोमीटरचंच अंतर. जुन्या काळी स्फटिक पाडून, परत विरघळवून, परत पाडून हे काम करत. अमेरिकेतल्या चार्ल्स जेम्स यांनी १९११ मध्ये शुद्ध थुलियम मिळवण्यासाठी त्याच्या ब्रोमेटचं सुमारे पंधरा हजार वेळा पुनर्स्फटिकीकरण केलं. आमच्या वरिष्ठांनी रुजू झाल्यावर हा आकडा सांगितला, तेव्हा मला वाटलं ते नव्या पोरीला घाबरवतायत. नंतर ग्रंथालयात पाहिलं तर आकडा खरा निघाला.

ही कोंडी फुटली ती आयन विनिमयाने. पॉलिस्टायरीनचे मोहरीपेक्षा बारीक मणी घ्यायचे, त्यांच्यावर सल्फोनिक आम्लाचे गट बसवायचे. हे झालं रेझिन. या गटांवर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभाराचा आयन तिथे येऊन बसतो आणि आधी बसलेल्याला उठवतो. घरातलं पाणी मृदू करणाऱ्या यंत्रात, बॉयलरचं पाणी क्षारमुक्त करणाऱ्या डीएम प्लांटमध्ये हीच जात वापरतात. पण एवढ्याने दुर्मीळ मृदा सुटत नाहीत. तीन धन प्रभार असलेले सगळेच आयन रेझिनला घट्ट चिकटतात, आणि जवळपास सारखेच चिकटतात. खुबी असते वरून सोडायच्या द्रावणात. सायट्रेट, ईडीटीए किंवा अल्फा-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल यांसारखं एखादं संयुग त्या आयनाला आपल्या कवेत घेऊन रेझिनवरून उठवतं. आयन जितका लहान तितकी ही पकड मजबूत. ईडीटीए ल्युटेशियमला लॅन्थॅनमपेक्षा साधारण वीस हजार पट घट्ट धरतं.

मी डोंबिवलीकर, तेव्हा उदाहरण लोकलचंच सुचतं. समजा, गाडी यार्डात उभी आहे आणि गर्दी शेवटच्या डब्यातून आतल्या आत पुढे सरकतेय. प्रत्येकाला बसायला जागा हवी आहे, आणि प्रत्येकाला एक मित्र हाताला धरून उठवतोय. ज्याचा मित्र जोरात ओढतो तो दर वेळी जरा लवकर उठतो, पुढच्या डब्यात बसतो, पुन्हा उठतो. एका डब्यात फरक कळत नाही. पण डबे शेकडो असले तर पहिल्या डब्याशी पोचेपर्यंत माणसं ओळीने लागलेली असतात: ल्युटेशियम सर्वांत पुढे, लॅन्थॅनम सर्वांत मागे. कॉलममध्ये असे ‘डबे’ हजारोंनी असतात, आणि कुणाला उठवून बसवायला माणूस लागत नाही. जेम्स यांचे पंधरा हजार हेलपाटे काचेच्या एका नळीत आपोआप घडतात.

आपोआप म्हणजे नळी भरून चहाला जायचं असं मात्र नाही. रेझिन आधी पाण्यात फुगवायचं. कोरडं भरलं तर ते आत फुगून काच तडकवतं. तळाला ग्लासवूल, वर रेझिनचा पातळ लगदा हळूहळू ओतायचा, आणि पाण्याची पातळी रेझिनच्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही. एकदा का हवेचा बुडबुडा अडकला की द्रावण त्याला वळसा घालून वाट काढतं. आम्ही त्याला चॅनेलिंग म्हणायचो. मग उतरणाऱ्या धातूचा पट्टा तिरका होतो आणि आठवड्याभराची मेहनत पाण्यात. ईडीटीएचं आणखी एक नाटक: आम्लात ते विरघळत नाही, पांढरा साका होऊन नळी तुंबवतं. म्हणून पुढच्या कॉलममध्ये रेझिनवर आधी तांबं बसवून ठेवायचं. ईडीटीए तांब्याला उचलतं, तांब्याच्या जागी दुर्मीळ मृदा बसते, आणि खालून आधी निळंशार द्रावण गळायला लागतं. ही तांब्याची युक्ती आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेत फ्रँक स्पेडिंग यांच्या गटाने बसवली. शुद्ध दुर्मीळ मृदा जगाला पहिल्यांदा ग्रॅमऐवजी किलोने मिळाल्या त्या याच कामातून.

निळं संपलं की आमची खरी गंमत सुरू व्हायची. सिरियम आधीच ऑक्सिडीकरण करून काढलेलं असे. राहिलेल्यांत आधी सॅमेरियम यायचं, फिकट पिवळसर, नीट पाहिलं तरच दिसेल असं. मग निओडिमियमचा जांभळट पट्टा, त्याला चिकटून प्रॅसिओडिमियमचा पोपटी, आणि शेवटी लॅन्थॅनम, ज्याला रंगच नाही. जांभळा आणि पोपटी यांच्या सीमेवर थोडी जागा गढूळ दिसायची. तो भाग वेगळ्या बाटलीत घेऊन पुन्हा कॉलमवर चढवायचा. निओडिमियमचा रंग खिडकीतल्या उन्हात एक आणि ट्यूबलाइटखाली दुसरा दिसतो, त्यामुळे रात्रपाळीत नवखी मुलं हमखास फसायची. शेवटी ऑक्झॅलिक आम्ल घालून साका पाडायचा, गाळायचा, मुशीत घालून भट्टीत नऊशे अंशांवर भाजायचा. निओडिमियमचं ऑक्साइड फिकट निळसर निघतं, प्रॅसिओडिमियमचं मात्र पोपटी द्रावणातून चक्क काळंकुट्ट.

या तंत्राचा जन्म दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामात झाला, हे अनेकांना ठाऊक नसतं. युरेनियमचं विखंडन झालं की जे तुकडे उरतात त्यांत दुर्मीळ मृदा खूप असतात, आणि त्याही किरणोत्सारी. प्रत्येक तुकडा कोणता हे ओळखायचं तर आधी वेगळा हवा. टेनेसीतल्या ओक रिजला १९४५ मध्ये मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कॉर्येल यांनी रेझिनच्या कॉलमवरून एकसष्टावं मूलद्रव्य वेगळं काढलं. निओडिमियम आणि सॅमेरियमच्या मधली ही जागा कैक वर्षं रिकामी होती. पृथ्वीवर ते सापडत नव्हतं, कारण त्याचे सगळे प्रकार किरणोत्सारी, केव्हाच विरून गेलेले. गुप्ततेमुळे हा शोध १९४७ मध्ये जाहीर झाला. प्रोमेथियम हे नाव कॉर्येल यांच्या पत्नी ग्रेस मेरी यांनी सुचवलं.

पुढची पायरी मला अजूनही अचाट वाटते. युरेनियमच्या पलीकडचे कृत्रिम धातू कॉलममधून दुर्मीळ मृदांच्याच क्रमाने उतरतात, म्हणजे आवर्तसारणीतल्या वरच्या ओळीतला शेजारी पाहून खालच्या ओळीतला कधी येईल हे आधीच सांगता येतं. याच आधारावर कॅलिफोर्नियात बर्कलीला सीबोर्ग, घिओर्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एकशे एकावं मूलद्रव्य, मेंडेलेव्हियम, पकडलं. हाती आले अणू एकूण सतरा. मिलिग्रॅम नव्हे, अणू! ते कोणत्या थेंबात असणार हे त्यांना आधी माहीत होतं. घिओर्सोंनी मोजणी यंत्राला आगीची घंटा जोडली होती आणि एकेक अणू फुटला की ती वाजायची, असं सीबोर्ग सांगत. अग्निशमनवाल्यांनी ती लवकरच बंद करायला लावली म्हणे.

हे झालं इतिहासाचं. आजचं सांगायचं तर माझ्या थोरल्या दिरांना प्रोस्टेटच्या आजारावर मुंबईत ल्युटेशियम-१७७चे डोस दिले. औषधाचं नाव ऐकून घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच ते बनवत होते. हे ल्युटेशियम साधारण पावणेसात दिवसांत निम्मं होतं. अर्बुदापर्यंत, म्हणजे गाठीपर्यंत, पोचून तिथेच बीटा किरण सोडतं. ते दोन वाटांनी बनतं. एक म्हणजे समृद्ध ल्युटेशियम-१७६ थेट अणुभट्टीत न्यूट्रॉनांखाली ठेवायचं. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत असंच होतं. यात वेगळं काढण्याचं काम नाही, पण मूळचं ल्युटेशियम त्यातच राहतं, आणि १६० दिवस अर्धायुष्य असलेला एक भाऊबंदही थोडा सोबत येतो. दुसरी वाट यटर्बियम-१७६पासून. न्यूट्रॉन घेतल्यावर ते दोनेक तासांच्या अर्धायुष्याने ल्युटेशियम-१७७ होतं आणि माल एकदम निर्भेळ मिळतो. फक्त तो यटर्बियमच्या ढिगातून उपसावा लागतो, आणि तोही पटकन, कारण घड्याळ चालूच असतं. यटर्बियम आणि ल्युटेशियम हे या कुटुंबातले फार चिवट शेजारी. १९०७ पर्यंत रसायनशास्त्रज्ञ त्या दोघांना एकच समजत होते. तिथे आजही मुख्यतः कॉलमच कामी येतो.

आता माझ्या आवडत्या तंत्राची बाजूही उघड करते. टनांनी माल काढायचा असेल तर आज जगभर द्रावक निष्कर्षण वापरतात: तेलात विरघळलेलं सेंद्रिय संयुग आणि आम्लातलं पाणी यांना मिसळायचं, निवळू द्यायचं, पुन्हा मिसळायचं, अशा शेकडो टाक्या एकामागे एक. कॉलमला वेळ लागतो, पाणी भरमसाट लागतं, द्रावणं पातळ ठेवावी लागतात. म्हणून आयन विनिमय उरला तो अतिशुद्ध मालासाठी, किरणोत्सारी समस्थानिकांसाठी आणि युरेनियमसाठी. झारखंडात जादुगुड्याला गंधकाम्लात विरघळवलेलं युरेनियम रेझिनवरच पकडतात. तारापूरला अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतल्या मध्यम तीव्रतेच्या टाकाऊ द्रावणातलं सीझियम धरायलाही देशी रेझिन आहे. मोठ्या कारखान्यात कॉलम लावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. टाक्या लावा, कॉलम लावा, जे परवडेल ते लावा; पण वेगळं करणारी साखळी आधी उभी राहू द्या आणि खाणीची घाई मागाहून करा.

कारण चुंबकाचं गणित असं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची चुंबक योजना मंजूर केली, वर्षाला सहा हजार टनांचं लक्ष्य. चांगलंच आहे. चुंबकाला निओडिमियम-प्रॅसिओडिमियम लागतं, ते आपल्या मोनाझाइटात आहे. पण मोटार तापली तरी चुंबक ढिला पडू नये म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, आणि ते आपल्या मोनाझाइटात चिमूटभरच. नव्वद टक्क्यांच्या वर तर सिरियम, लॅन्थॅनम आणि ही निओडिमियमची जोडीच आहे. चीनच्या सात मूलद्रव्यांच्या यादीत नेमके डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, निओडिमियम नव्हतं. अग्रलेखाने ‘दुर्मीळ मृदा’ असा एकच गठ्ठा केल्यामुळे हे निसटलं. कितीही वाळू उपसली तरी त्यातून डिस्प्रोसियम त्या मानाने वाढणार नाही.

चीनकडे ते येतं कुठून? दक्षिणेकडच्या जिआंगशी प्रांतातल्या टेकड्यांतून, आणि अलीकडे सीमेपलीकडच्या म्यानमारमधून. तिथे ग्रॅनाइट कुजून माती झालीय आणि डिस्प्रोसियम-टर्बियमसारख्या जड दुर्मीळ मृदांचे आयन मातीच्या कणांवर नुसते चिकटून बसलेत. वरून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडायचं. अमोनियम त्यांच्या जागी बसतं, ते पाण्यात उतरतात. म्हणजे ती टेकडीच एक प्रचंड आयन विनिमय कॉलम. आमच्या प्रयोगशाळेत कॉलमच्या खाली बाटली होती. तिथे खाली ओढे आणि भातशेती आहे. अमोनियाचं पाणी झिरपून गावंच्या गावं नासली, दरडी कोसळल्या. स्वस्त डिस्प्रोसियमच्या दरात ही किंमत कधी धरली गेली नाही, आणि आपण त्या दराशी स्पर्धा करायला निघालोय.

आपल्याकडचा तोटा वेगळा आहे, त्याचं नाव किरणोत्सार. आपल्या मोनाझाइटात आठ-नऊ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. थोरियमचं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं, म्हणजे ते स्वतः फार हळू फुटतं. डोकेदुखी त्याच्या मुलाबाळांची. त्यातलं रेडियम-२२८ पावणेसहा वर्षांच्या अर्धायुष्याचं, आणि ते मिश्र क्लोराइडाबरोबर जायला बघतं. म्हणून क्लोराइड विकण्याआधी त्यात बेरियम सल्फेटचा साका पाडतात. रेडियम त्यात अडकून येतं. हा साका टाकून देता येत नाही, बंदिस्त ठेवावा लागतो. उत्पादन चौपट केलं की हा साकाही चौपट. योजनेच्या जाहिरातीत मला त्याचा उल्लेख कुठे दिसला नाही. वापरून झालेल्या रेझिनचंही तेच: ज्याने किरणोत्सारी आयन धरले ते मणी आता स्वतःच कचरा.

आणि रेझिन निरुपद्रवी नसतं. ३० ऑगस्ट १९७६ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला अमेरिसियम हा किरणोत्सारी कृत्रिम धातू वेगळा काढायचा कॉलम फुटला. संपामुळे तो महिनोन्‌महिने तसाच उभा होता, रेझिन अमेरिसियमने भरलेलं. पुन्हा काम सुरू करताना त्यात कडक नायट्रिक आम्ल गेलं आणि स्फोट झाला. समोर होते हॅरोल्ड मॅक्लस्की, वय ६४. कामगारांसाठी ठरलेल्या मर्यादेच्या सुमारे पाचशे पट अमेरिसियम त्यांच्या अंगात गेलं. तरी ते अकरा वर्षं जगले आणि गेले ते हृदयविकाराने. त्यांना वाचवलं डीटीपीएच्या इंजेक्शनांनी. हे डीटीपीए म्हणजे ईडीटीएचं सख्खं भावंड. कॉलमवरून धातू उचलणारी तीच कव, या वेळी माणसाच्या रक्तातून अमेरिसियम उचलून लघवीवाटे बाहेर काढणारी. आमच्याकडे किरणोत्सार नव्हता, पण नायट्रिकात भिजलेलं रेझिन सुटीवर जाताना तसंच सोडायचं नाही हा नियम भिंतीवर लावलेला होता, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी कितीही उशीर झाला तरी कॉलम धुऊनच आम्ही आठ-वीसची लोकल पकडायचो.

हे सगळं शिकायला माणसं कुठून येणार, हा माझा शेवटचा मुद्दा. भाचीची मुलगी यंदा एम.एस्सी. रसायनशास्त्राला आहे. आयन विनिमयाचा प्रयोग तिच्या जर्नलात सुबक लिहिलेला आहे, आकृतीसकट. प्रत्यक्षात कॉलम एकच, तो सरांनी टेबलावर लावलेला, आणि मुलांनी लांबून पाहिलेला. रेझिन महाग नाही. ब्युरेट प्रत्येक कॉलेजात आहे. कोबाल्ट आणि निकेलचं मिश्रण कडक हायड्रोक्लोरिक आम्लात घेऊन ऋणायन रेझिनवर सोडलं तर निकेल सरळ खाली येतं, कोबाल्ट वर निळं होऊन बसतं. मग आम्ल पातळ करत नेलं की तेही उतरतं. एका दुपारचं काम. बुडबुडा आत शिरला की काय होतं, हे पोरीला तिच्या हातून कळलं पाहिजे. कागदावर बुडबुडा येत नाही.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २०१८ मध्ये एका जिवाणूतलं लॅनमॉड्युलिन नावाचं प्रथिन सापडलं, जे दुर्मीळ मृदांना इतर धातूंतून अचूक निवडतं. ते मण्यांवर बसवून कॉलम भरतात, आणि जुन्या चुंबकांचे धातू त्यावर वेगळे करून पाहतायत. म्हणजे कॉलम संपलेला नाही, मणी बदलतायत. आपल्याकडे भंगारात जाणाऱ्या हार्ड डिस्क आणि मोटारींची कमी नाही. डिस्प्रोसियमसाठी वाळूपेक्षा तो ढीग मला जास्त भरवशाचा वाटतो.

तेव्हा संपादकमहाशय, आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी संबंधित खात्याला ‘किती टन साठा’ हे विचारू नये. विचारावं ते असं: गेल्या वर्षी कोणतं मूलद्रव्य, किती किलो, किती शुद्धतेचं, वेगळं करून विकलं? डिस्प्रोसियम किती? रेडियमचा साका कुठे ठेवलाय आणि त्यात दरवर्षी किती भर पडते? उत्तरं मूलद्रव्यवार तक्त्यात छापावीत, जागा कमी पडली तर माझं पत्र कापावं. आणि नकाशा पुन्हा छापणार असाल तर रत्नागिरीवरच्या ठिपक्याशेजारी ‘मुख्यतः इल्मेनाइट’ एवढं लिहावं, म्हणजे आमच्या चुलतभावाचे फोन थांबतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त केमिस्ट
डोंबिवली (पूर्व)